पुतळाबाईंची कॅसेट आणि मुक्ताबाईंचा मांडव

तळवलीच्या पुतळाबाईंची कॅसेट बाजारात आली ती १९९५ सालच्या जानेवारीत. निळ्या कागदावर त्यांचा नऊवारीतला फोटो होता आणि त्या फोटोत त्या रागावल्यासारख्या दिसत होत्या. खरं तर रागावल्या नव्हत्या. फोटो काढणाऱ्याने हसायला सांगितलं, तेव्हा देवाचं गाणाऱ्या बाईने हसायचं कशाला, हे त्यांना कळलं नव्हतं, एवढंच.

पुतळाबाई धवलारीण होत्या. खाडीकाठच्या आगरी घरांत लग्न असलं की भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि जातो. पण हळदीपासून घरभरणीपर्यंतच्या प्रत्येक कामाला धवलारणीचं गाणं लागतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. पहिल्या दिवशी धवलारीण देवांना बोलावते. गावदेवीला, खाडीवरच्या देवाला, शेताच्या बांधावरच्या दगडालासुद्धा. आणि त्या घरातली जी माणसं वारली, त्यांनाही एकेकाचं नाव घेऊन. लग्न पुरं होईस्तोवर ती सगळी मांडवात बसलेली असतात. मग शेवटच्या दिवशी धवलारीण त्यांना मानाने परत पाठवते. त्याला 'उठवणं' म्हणतात. हे सगळं ती नवरीशेजारच्या पाटावर बसून करते, आणि त्या पाटावर दुसरं कुणी बसत नाही.

पुतळाबाईंना हा पाट सहजी मिळाला नव्हता. घणसोलीच्या जाईबाईंच्या मागे बसून त्यांनी बारा वर्षं दुसरी ओळ धरली होती. तेराव्या वर्षी एका लग्नात जाईबाई अर्ध्यावर उठल्या, पाणी प्यायला म्हणून गेल्या आणि परत आल्याच नाहीत. ओसरीवर बसून ऐकत राहिल्या. त्या दिवसापासून पाट पुतळाबाईंचा झाला. त्याला आता वीस वर्षं झाली होती. नवरा गेला, मिठागरं बुजली, शेताच्या जागी सिडकोच्या इमारती आल्या, मुलगा कुंदन पावणे गावच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. पाट तेवढा राहिला.

कोपरखैरण्याला श्यामसुंदर नावाच्या माणसाचं कॅसेटचं दुकान होतं. एका लग्नात व्हिडिओवाल्याबरोबर तो आला होता. पुतळाबाईंचं गाणं ऐकून तो हातातली प्लेट तशीच धरून उभा राहिला. पुढच्याच आठवड्यात तो घरी आला आणि म्हणाला की हा आवाज आपण कॅसेटवर आणू. तो लबाड नव्हता. बोलायचा मात्र फार. पुतळाबाईंनी त्याला एकच गोष्ट विचारली.

"नवरी कोन हाय?"

श्यामसुंदरने सांगितलं की नवरी नाही, मांडव नाही, फक्त माइक आहे.

"मग गाऊ कुनाला?"

याचं उत्तर पुतळाबाईंची सून सुचिता हिने दिलं. सुचिता बारावी शिकलेली, हसरी आणि हिशोबी बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "आई, नवरीला गाऊ नका. जी पोर अजून लग्नाची व्हायची हाय, तिला गा. ती ऐकेल कधीतरी."

पुतळाबाईंना ते पटलं.

ठाण्याच्या एका स्टुडिओत भिंतींना काथ्याच्या चटया ठोकल्या होत्या. पुतळाबाईंनी पाट मागितला. पाट नव्हता, फिरती खुर्ची होती. ती हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवले आणि गायल्या. मागे एक ढोलकी आणि एक कीबोर्ड होता. धवल्याला वाद्य कधी नसतं. पण त्यांनी वाद नाही घातला. दुसऱ्याच्या घरी आपण पाहुणे, असं त्यांचं म्हणणं. बोलावण्याचे धवले झाले, हळदीचे झाले, तेल पाडण्याचे झाले. उठवण्याचा धवला मात्र त्यांनी गायला नाही. श्यामसुंदरने विचारलंही नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. त्यांनी मनाशी विचार केला होता, की इथे ना मांडव, ना तांदूळ, ना नवरी. अशा ठिकाणी देव कशाला येतील? आणि जे आलेच नाहीत त्यांना उठवायचं कसं? आपण गातोय ती नुसती गाणी. शेवटी राहिलेल्या जागेत श्यामसुंदरने हळदीचं एक नाचरं गाणं घालून घेतलं.

कॅसेट आली आणि पहिले दोन महिने बरे गेले. घणसोली नाक्यावरचे रिक्षावाले ती लावत. खरं सांगायचं तर सगळी पुढे पळवून शेवटचं नाचरं गाणं तेवढं लावत. कुंदनच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती वाजली, तेव्हा मारोती नावाचा साताऱ्याकडचा एक हमाल, जो माल पोचवायला आला होता, डबा मिटून ऐकत बसला. शब्द निम्मे कळले नाहीत, म्हणाला, पण आई जात्यावर बसायची तेव्हा असाच आवाज निघायचा. कुंदनने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा पुतळाबाईंनी एकच विचारलं. त्या हमालाने डबा नंतर खाल्ला का?

फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत लिहून आलं. ठाण्याच्या एका साप्ताहिकाने कीबोर्डवर टीका केली, 'जुन्या वस्त्राला प्लॅस्टिकची किनार' असं म्हटलं आणि उच्चार नीट ऐकू येत नाहीत अशी तक्रार केली. मुंबईच्या एका दैनिकात मात्र अर्धा स्तंभ भरून कौतुक आलं. लिहिणारे गृहस्थ संगीतातले जाणकार होते. सुचिताने ओटीवर बसून ते मोठ्याने वाचलं. गायिकेच्या आवाजावर कुठल्याही घराण्याचा शिक्का नाही. ती सूर लावत नाही, सूर तिच्याकडे येऊन बसतो. असं बरंच काही. शेवटची वाक्यं अशी होती : 'अखेरचं नाचरं गाणं सोडलं, तर सर्वांत थोर आहे तो या कॅसेटचा शेवट. देवांना आर्ततेने बोलावून गायिका तिथेच थांबते. निरोप नाही, समारोप नाही. ही अपूर्णता म्हणजेच तिची प्रतिभा.'

"प्रतिभा म्हंजे काय गो?" पुतळाबाईंनी विचारलं.

"म्हणजे... तुम्हांला जे सुचतं ते," सुचिता म्हणाली.

"मना तर काय सुचलं नव्हतं," पुतळाबाई म्हणाल्या. पण कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही. येणाजाणाऱ्याची नजर तिकडे गेली की त्या पदर सारखा करत. माणसाला एवढं सुख वाटणारच.

याच सुखाच्या दिवसांत त्यांच्या हातून ती गोष्ट घडली.

माघातल्या एकाच तिथीला दोन घरची लग्नं आली. तळवलीतलं आधी ठरलेलं. दुसरं गोठिवलीच्या मुक्ताबाईंच्या धाकट्या मुलाचं. मुक्ताबाईंनी रीतीप्रमाणे पुतण्याबरोबर तांदूळ आणि सुपारी पाठवली. धवलारीण अशीच येते. तांदूळ-सुपारी आल्याशिवाय ती कुणाच्या मांडवात पाऊल टाकत नाही, मग घर कितीही मोठं असो. यायला जमत नसेल तर तिने दुसरी धवलारीण सुचवायची असते. पुतळाबाईंना दोघी-तिघी माहीत होत्या. पण त्या दिवशी घरात श्यामसुंदर बसलेला होता, भिंतीवर कात्रण होतं, आणि त्या पुतण्याला म्हणून गेल्या, "कॅसेट लावा ना. मीच हाय त्यात."

तांदूळ-सुपारी त्यांनी ठेवून घेतली. मुक्ताबाईंनी कॅसेट लावली.

मांडवात पाट मांडला, त्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, त्याला हळद-कुंकू वाहिलं. जमलेल्या बायकांना मौज वाटली. आवाज तोच, अगदी समोर बसल्यासारखा. देव बोलावले गेले. तिथे तांदूळ होते, नवरा होता, घरातली गेलेली माणसं आठवून रडणाऱ्या मुक्ताबाई होत्या. स्टुडिओत जे नव्हतं, ते सगळं तिथे होतं. पाचव्या दिवशी उठवण्याची वेळ झाली तेव्हा कॅसेटची एक बाजू लावली, दुसरी लावली, आणि शेवटी नाचरं गाणं वाजून टेप खट्कन थांबला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग भांडी आवरायला लागल्या.

फाल्गुनात मुक्ताबाईंच्या घरात नवी सून तापाने पडली. ताप उतरेना म्हणून तिला माहेरी नेली. मुक्ताबाईंच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी जेवण सोडलं. डॉक्टरांनी सुनेला टायफॉइड सांगितला आणि सासऱ्यांचं वय सांगितलं. दोन्ही खरं असेल. पण मुक्ताबाई रात्रंदिवस म्हणू लागल्या की घर भरल्यासारखं वाटतं. पाहुणे येऊन बसलेत आणि कुणी त्यांना 'या आता' म्हणत नाही. त्या पुतळाबाईंना शिव्या देत नव्हत्या. विहिरीवर, बाजारात, जी भेटेल तिला एवढंच सांगत, "बोलावले तिनं, सोडवले नाय."

हे पावण्यापासून ऐरोलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. चैत्र संपला. वैशाखात त्या पट्ट्यात चौदा लग्नं होती, आणि पुतळाबाईंच्या घरी एकही सुपारी आली नाही. तळवलीतल्याच एका घरी दुसऱ्या गावची धवलारीण आली, तेव्हा तिचा आवाज पुतळाबाईंच्या ओटीवर ऐकू येत होता. तिने एके ठिकाणी ओळ चुकवली. पुतळाबाईंनी ती ओळ ओठांतल्या ओठांत बरोबर म्हटली आणि तांदूळ निवडत राहिल्या.

कुंदनला राग आला. लोक अडाणी आहेत, म्हणाला. तापाचं आणि गाण्याचं काय. श्यामसुंदर तर खुशीत होता. कॅसेट मुंबईत खपत होती, दादरहून मागणी होती आणि त्याला दुसरी काढायची होती. पुतळाबाईंनी दोघांनाही काही सांगितलं नाही. 'मीच हाय त्यात' हे आपण म्हटलं होतं, हे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं; श्यामसुंदरने ऐकलं होतं, पण त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तेच त्यांना सलत होतं. देव रागावले की नाही ते देव जाणे. पण बोलावणं घेऊन आलेल्या पोराला आपण एक यंत्र दाखवलं आणि तांदूळ ठेवून घेतले, हे त्यांना दिसत होतं. आणि त्या पाटावर आता आपल्याला कुणी बसवणार नाही, हेही दिसत होतं.

एके सकाळी त्या टेपरेकॉर्डर पिशवीत घालून घणसोलीला जाईबाईंकडे गेल्या. जाईबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. खाटेवरून उठत नसत, डोळे जवळजवळ गेलेले, पण कान तसाच. कॅसेट त्यांनी ऐकलेली नव्हती. नातवंडांनी लावू का विचारलं तर नको म्हणाल्या होत्या. जिने गायली तिने आणावी.

पुतळाबाईंनी खाटेशी खाली बसून कॅसेट लावली. जाईबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ढोलकी वाजली की त्यांची भुवई जरा वर जाई, एवढंच. पहिली बाजू संपली, दुसरी संपली. नाचरं गाणं आलं ते त्यांनी हात हलवून बंद करायला लावलं. मग वाट बघत राहिल्या.

"फुडं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"फुडं नाय, आय. संपली."

बाहेर अंगणात कुणीतरी मासळी निवडत होतं, त्याचा आवाज येत होता. जाईबाईंनी हात पुढे केला आणि चाचपत पुतळाबाईंच्या गळ्यावर ठेवला, जिथून आवाज निघतो तिथे.

"गला चांगला हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यापरीस चांगला. ह्यो मी तुला कवा बोलले नाय, कारन तू शेफारली असतीस."

पुतळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे, या दिवशी, यावेत. त्यांनी मग सगळं सांगितलं. पुतण्या, तांदूळ, सुपारी, कात्रण, आणि ते वाक्य. काही लपवलं नाही.

जाईबाईंनी गळ्यावरचा हात काढून घेतला.

"देवाचं मी कशाला सांगू? मी काय देव हाय?" त्या म्हणाल्या. "पन तिचे तांदूल तुझ्या घरान हायत. तांदूल घेतले तिथं जावा लागतं."

"आता तिनं बोलावलं नाय, आय. बिनबोलावता कशी जाऊ?"

"तशीच," जाईबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे कुशीवर वळल्या.

बिनबोलावता गेलेल्या धवलारणीला मान नसतो. दारातून कुणी परत पाठवलं तर ती गोष्ट तिच्या नावाला कायमची चिकटते, आणि मग दुसऱ्या घरची सुपारी येण्याची उरलीसुरली आशाही संपते. पुतळाबाईंना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. घरी आल्यावर त्यांनी डब्यातून ते मुक्ताबाईंचे तांदूळ काढले. वापरले नव्हते, वेगळे बांधून ठेवले होते. मंगळवारी सकाळी धुवट लुगडं नेसून त्या निघाल्या. सुचिता म्हणाली, मी येते. त्यांनी तिला येऊ दिलं, पण बजावलं, की तिथे कुणी काही बोललं तर तू तोंड उघडायचं नाहीस.

गोठिवलीला मुक्ताबाईंच्या नव्या दुमजली घरासमोर त्या उभ्या राहिल्या. मांडवाचे दोन बांबू अजून अंगणात पडलेले होते. ओटीवर सासरे खाटेवर होते. मुक्ताबाई दारात आल्या आणि चौकटीला हात लावून तिथेच थांबल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"आता कनाला आलीस?" त्यांनी विचारलं.

"राहिलेलं काम कराला."

"तुझी कॅसेट हाय ना घरान. तीच करील."

शेजारच्या दोघी-तिघी बायका कुंपणाशी आल्या. एक हसली. सुचिताच्या कपाळावर आठी चढली, पण ती गप्प राहिली. पुतळाबाईंनी पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मी बोलले ते चुकीचं बोलले, मुक्ता," त्या म्हणाल्या. "मी त्यात नव्हते. मी इथं हाय."

मुक्ताबाई दारातून हलल्या नाहीत. मग पुतळाबाई अंगणातच, उघड्या जमिनीवर बसल्या. तांदळाची पुरचुंडी सोडून समोर ठेवली आणि गायला लागल्या. पाट नव्हता. आधी आवाज बसल्यासारखा निघाला, तीन महिने गायल्या नव्हत्या. मग हळूहळू मोकळा झाला. कॅसेटमध्ये मुक्ताबाईंच्या घरच्यांची नावं नव्हती; ती असणार तरी कशी? आता त्या एकेकाला नाव घेऊन निरोप देत होत्या. गावदेवी, तू तुझ्या देवळी जा. खाडीच्या देवा, भरती आली, तू तुझ्या वाटेने जा. मुक्ताबाईंची सासू, पहिला दीर, बाळंतपणात गेलेली नणंद. वीस वर्षांत या घरची तीन लग्नं त्यांनी लावली होती, सगळी नावं त्यांना पाठ होती. नणंदेचं नाव आलं तेव्हा खाटेवरचे सासरे उठून बसले. ती त्यांची मुलगी.

"तिला सांग," ते म्हणाले, "सावकाश जा म्हनावं."

पुतळाबाईंनी ते गाण्यात घेतलं. चालीत बसवून दोनदा म्हटलं.

तेव्हा मुक्ताबाई आत गेल्या. येताना त्यांच्या हातात पाट होता. तो त्यांनी पुतळाबाईंच्या शेजारी ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जमिनीवर बसून नको." गाणं न थांबवता पुतळाबाई सरकून पाटावर बसल्या. उठवणं पुरं व्हायला पाऊण तास लागला. शेवटी त्यांनी तांदूळ चारी दिशांना टाकले आणि उठल्या.

चहा झाला. नवी सून आठवड्याने परत येणार आहे, आता ताप नाही, असं मुक्ताबाईंनी सांगितलं. ताप उठवण्याआधीच उतरला होता, हे दोघींच्याही ध्यानात आलं असणार. पण मुक्ताबाईंनी कपबशा आवरायला घेतल्या. निघताना मुक्ताबाई आतून ती निळी कॅसेट घेऊन आल्या.

"हिचं काय करू?"

"ठेव," पुतळाबाई म्हणाल्या. "ऐकाला बरी हाय. मांडवान नको लावू."

परतीच्या बसमध्ये पुतळाबाई खिडकीपाशी बसल्या. आपला पाट आपल्याला परत मिळाला की आजच्यापुरताच मिळाला, हे त्यांना सांगता आलं नसतं. ते पुढच्या लग्नसराईत कळणार होतं. घरी आल्यावर त्यांनी सुचिताला भिंतीवरचं कात्रण पुन्हा वाचायला लावलं. सुचिताने सगळं वाचलं, शेवटच्या वाक्यासकट. ते वाचताना तिलाच अवघड झालं.

"काढून टाकू का हे, आई?"

"नको. चांगला मानूस हाय तो. मन लावून ऐकलंन त्यानं." पुतळाबाई जरा थांबल्या. "म्हंजे त्याच्या पन घरी वाजली असंल. त्याच्या घरची मानसं पन कोनी ना कोनी गेली असतील. असं मन लावून ऐकलं तर ती बिनमांडवाची पन येऊन बसतील. त्याचा पत्ता हाय का त्यात?"

कात्रणात पत्ता नव्हता. सुचिताने वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. पुतळाबाई सांगत गेल्या, ती लिहीत गेली. भाषा तेवढी तिने थोडी सरळ केली. आपण कॅसेटबद्दल चांगलं लिहिलंत, त्याचे उपकार आहेत. शेवट राहिला होता, तो मुद्दाम नव्हता, माझी चूक होती. आपल्या घरी कॅसेट वाजली असेल, तर एखाद्या मंगळवारी सकाळी मी येऊन जाईन. काही करायला नको. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं तेवढी लिहून ठेवा, आणि बसायला एक पाट.